मलेशियाची सफर ठरवताना

मे महिन्याच्या सुट्टीत परदेशी जायचं असं कुटुंबात ठरलं, की घरात सर्वांत आधी येतं ते टूर कंपनीचं रंगीत पत्रक. मलेशियाचं पत्रक बहुतेक सारखंच असतं. चार रात्री, पाच दिवस. दोन उंच मनोरे, एक वॉटर पार्क, गेंटिंग हायलँड्सची केबल कार, चॉकलेटचं दुकान आणि खरेदीसाठी मोकळा दिवस. गेंटिंगच्या डोंगरावर देशातला एकमेव कायदेशीर जुगारखाना आहे, हे त्या पत्रकात सहसा लिहिलेलं नसतं. आणि या देशात तेरा कोटी वर्षं जुनं मानलं जाणारं जंगल आहे, एकाच गल्लीत मशीद, चिनी मंदिर आणि हिंदू देऊळ शेकडो वर्षं नांदत आहेत, हेही त्यात नसतं.

कुरआनात जमिनीवर फिरून डोळसपणे पाहण्याची सूचना अनेक ठिकाणी आली आहे. माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असणं ही अल्लाहची निशाणी आहे, असंही सांगितलं आहे. या दोन्ही गोष्टी एका सफरीत साधायच्या असतील तर मलेशियासारखा देश जवळ दुसरा नाही. मात्र तयार पॅकेज विकत घेऊन ते साधत नाही. आराखडा आपण करावा लागतो, आणि चांगला वाटाड्या शोधावा लागतो. चार-पाच कुटुंबांनी एकत्र बसून हे काम कसं करावं, ते या लेखात मांडते आहे.

आधी नकाशा

मुलांसमोर नकाशा पसरा. मलेशिया एका तुकड्यात नाही. एक भाग थायलंडच्या खाली, सिंगापूरच्या वर. दुसरा भाग दक्षिण चिनी समुद्रापलीकडे बोर्निओ बेटावर, तिथे सबाह आणि सारावाक ही दोन राज्यं. मलाया १९५७ साली ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला आणि १९६३ मध्ये सबाह, सारावाक मिळून मलेशिया तयार झाला. देशात १३ राज्यं आहेत. २०२० च्या जनगणनेनुसार मुस्लिम सुमारे ६३ टक्के, बौद्ध सुमारे १९ टक्के, ख्रिस्ती ९ टक्के आणि हिंदू ६ टक्के. मलय, चिनी, भारतीय वंशाचे लोक, शिवाय द्वीपकल्पातले मूळनिवासी ‘ओरांग अस्ली’ आणि बोर्निओतले इबान, बिदायुह, काडाझान-दुसून असे अनेक समाज. सारावाकमध्ये तर ख्रिस्ती समाज सर्वांत मोठा आहे. म्हणजे ‘मुस्लिम देश’ एवढ्या दोन शब्दांत हा देश मावत नाही, हे नकाशावरच कळतं.

कधी जायचं

देश विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे वर्षभर उकाडा आणि पाऊस दोन्ही. तरी फरक आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पूर्व किनाऱ्यावर मोठा मान्सून असतो. तिथली बेटं तेव्हा बरीचशी बंदच असतात आणि जंगलातल्या नद्यांना पूर येतात. म्हणून आपली दिवाळीची सुट्टी जंगलासाठी सोयीची नाही. मे महिना चांगला.

पण मे ठरवताना चंद्राचं कॅलेंडर हातात ठेवा. २०२६, २०२७ आणि २०२८ या तिन्ही वर्षी बकरी ईद मे महिन्यात येते. कुर्बानी घरी करायची असेल तर तारखा त्याप्रमाणे पुढेमागे कराव्या लागतील. तिथे ईद करायची असेल तर वाहनं, हॉटेलं आणि वाटाडे आधीच बांधून ठेवावे लागतील, कारण तेव्हा सारा देश गावाकडे निघालेला असतो. बुद्धपौर्णिमाही साधारण मे महिन्यातच येते आणि जूनच्या १ व २ तारखेला सारावाकमध्ये ‘गवाई’ हा सुगीचा सण असतो.

दहा दिवसांचा आराखडा

पहिले तीन दिवस क्वालालंपूर. या नावाचा अर्थच ‘गढूळ पाण्याचा संगम’. क्लांग आणि गोंबाक या नद्या जिथे मिळतात, तिथे १९०९ मध्ये बांधलेली जामेक मशीद आहे. लाल विटा, पांढरे पट्टे आणि घुमट पाहून मुलं म्हणतील, हे तर आपल्याकडचं वाटतं. बरोबरच आहे, ब्रिटिश वास्तुकाराने ती मुघल धाटणीवर बेतली होती. तिच्या शेजारी १९६५ ची राष्ट्रीय मशीद ठेवून पाहा. तिला घुमटच नाही, अर्धवट उघडलेल्या छत्रीसारखं छत आहे. छताची १८ टोकं म्हणजे १३ राज्यं आणि इस्लामचे ५ स्तंभ. एक मशीद परक्या राज्यकर्त्यांच्या काळातली, दुसरी स्वतंत्र देशाने स्वतःच्या हवामानाला शोभेल अशी बांधलेली. राष्ट्रीय मशिदीजवळच इस्लामी कला संग्रहालय आहे. त्यात भारत, चीन आणि मलय जगत अशी तीन स्वतंत्र दालनं आहेत. तिथे अर्धा दिवस द्याच.

शहराबाहेर केपाँगला वनसंशोधन संस्थेचं जंगल आहे. कथिलाच्या खाणींनी उजाड झालेल्या जमिनीवर १९२० च्या दशकापासून झाडं लावून ते उभं केलेलं आहे. माणसाने बिघडवलेलं माणूस सुधारूही शकतो, हे मुलांनी डोळ्यांनी पाहावं असं ठिकाण.

बाटू गुंफांचा प्रश्न आमच्या बैठकीत निघाला होता. २७२ पायऱ्या, चुनखडीचा प्रचंड डोंगर, पायथ्याशी मुरुगन देवाची ४२ मीटरहून उंच मूर्ती. ‘देवळात कशाला जायचं?’ असं एका चाचांनी विचारलं. दुसऱ्यांचं म्हणणं, गुंफा पाहायची आहे, पूजा करायची नाही. शेवटी ठरलं की ज्याला वर जायचं त्याने जावं, ज्याला नको त्याने खाली थांबावं, आणि कुणी कुणाला टोमणा मारू नये. वर जाणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत, पूजेच्या ठिकाणी मोठ्याने बोलू नये. आपल्या मशिदीत परक्याने जसं वागावं असं आपल्याला वाटतं, तसंच आपण वागायचं.

चौथा, पाचवा आणि सहावा दिवस तामान नेगारा या राष्ट्रीय उद्यानाला. पाहांग, केलांतान आणि तेरेंगानू अशा तीन राज्यांत पसरलेलं हे उद्यान ४,३४३ चौरस किलोमीटर आहे. क्वाला तेंबलिंगहून क्वाला ताहानपर्यंत नदीतून होडीने सुमारे तीन तास लागतात. होडी लांब आणि बसायची जागा अगदी खाली असते. ज्या दादींचे गुडघे दुखतात, त्यांनी मोटारीने क्वाला ताहान गाठावं, रस्ता आहे.

जाताना वाटेत तासन्‌तास एकसारखी ताडासारखी झाडं रांगेत दिसतात. मुलांना ते जंगल वाटेल. ते जंगल नाही, तेलताडाची लागवड आहे. आपल्या किराणा दुकानातलं पामोलीन अशाच झाडांच्या फळातून येतं आणि भारत हा पाम तेलाचा फार मोठा गिऱ्हाईक आहे. या लागवडीसाठी जुनी जंगलं तोडली गेली. मलय वाघ आता रानात दीडशेहून कमी उरले आहेत, त्याचं एक कारण हे. आपल्या कढईचा आणि त्या वाघाचा संबंध मुलांना इथे गाडीतच समजावून सांगता येतो.

जंगलात मोठे प्राणी दिसतीलच असं वाटाड्याने सांगितलं तर त्याच्यावर फार विश्वास ठेवू नका. घनदाट जंगलात प्राणी दिसतात कमी, ऐकू येतात जास्त. रात्रीच्या फेरीत कीटक, बेडूक, चमकणारी बुरशी पाहावी. धनेश पक्षी दिसला तर सांगा, की हाच महाधनेश आपल्या सह्याद्रीतही आहे. झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा झुलता पूल प्रसिद्ध आहे, पण दुरुस्तीसाठी तो बंद असू शकतो, म्हणून निघण्याआधी विचारून घ्या. जळवांसाठी लांब मोजे हवेत. आणि तिथे राहणाऱ्या बातेक लोकांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नका. ते आपल्या घरात आहेत, प्रदर्शनात नाहीत.

सातवा दिवस मलाक्का. इथे आपला इतिहास अचानक जवळ येतो. अल्बुकर्कने १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी, १५११ मध्ये, मलाक्का सल्तनत बुडवली. सेंट झेवियरचं पार्थिव ज्या टेकडीवरच्या चर्चमध्ये १५५३ साली काही महिने पुरलं होतं, ती टेकडीही इथलीच. नंतर ते गोव्याला नेलं. पोर्तुगीजांनंतर डच, मग इंग्रज. शहर २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

जुन्या गावात ‘सोन्याच्या कारागिरांची गल्ली’ आहे. तिथे १७४८ ची कांपुंग क्लिंग मशीद आहे. तिचं छत उतरत्या पिरॅमिडसारखं, मिनार चिनी पॅगोड्यासारखा, खांब युरोपी धाटणीचे. पलीकडे अठराव्या शतकातलं गणपतीचं देऊळ, आणि थोडं पुढे सतराव्या शतकातलं चेंग हून तेंग हे चिनी मंदिर. याच शहरात मलय बोलणारे हिंदू चिट्टी लोक आहेत आणि पोर्तुगीज-मलय मिश्र भाषा बोलणारे ख्रिस्तीही. एक सूचना: ‘क्लिंग’ हा शब्द मशिदीच्या नावात जुना म्हणून टिकला आहे, पण आज तो भारतीय वंशाच्या लोकांसाठी अपमानाचा समजला जातो. मुलांना आधीच सांगून ठेवा.

आठवा, नववा आणि दहावा दिवस विमानाने सारावाकची राजधानी कुचिंग. सारावाकची स्वतःची प्रवेश तपासणी आहे, देशांतर्गत विमान असलं तरी पासपोर्ट हाताशी हवा. सेमेंगोह केंद्रात ओरांगउटान पाहता येतात. या शब्दाचा अर्थ ‘रानातला माणूस’. ते अर्धमुक्त आहेत, रानात फळं भरपूर असली की खायला येतच नाहीत. ते आले नाहीत तर मुलांनी वाईट वाटून घेऊ नये, उलट ती चांगली बातमी. बाको राष्ट्रीय उद्यानात लांब नाकाची माकडं आहेत. इबान लोकांचं लाँगहाऊस, म्हणजे एका लांब छताखाली राहणारी पूर्ण वस्ती, पाहायची असेल तर एक गोष्ट आधीच ठरवा. पाहुण्याला तांदळाची दारू देणं हा त्यांचा पाहुणचार आहे. वाटाड्याने आधी कळवलं तर नकार कुणालाच अवघड वाटत नाही.

वाटाड्या कसा निवडावा

मलेशियात वाटाड्यांना पर्यटन मंत्रालयाचा परवाना लागतो. निळा बिल्ला शहर व वारशासाठी, हिरवा बिल्ला निसर्गासाठी. म्हणजे क्वालालंपूरचा उत्तम वाटाड्या जंगलात चालेलच असं नाही. एजंटला सरळ विचारा: कोणत्या दिवशी कोणत्या बिल्ल्याचा वाटाड्या आहे? कोणती भाषा बोलतो? दुकानांत थांबायची सक्ती आहे का? गेंटिंग वगळून तो दिवस जंगलाला मिळेल का? ही उत्तरं लेखी घ्या.

नमाज आणि जेवण

नमाजची अडचण जवळजवळ नाही. स्टेशन, मॉल, पेट्रोल पंप, सगळीकडे ‘सुराऊ’ म्हणजे नमाजची खोली असते. हॉटेलच्या छतावर किब्ल्याचा बाण असतो. किब्ला तिथेही पश्चिमेकडेच, किंचित उत्तरेला. घड्याळ मात्र अडीच तास पुढे करा.

मलेशियातले मुसलमान बहुतेक शाफई आहेत, आपल्या कोकणी मुसलमानांसारखेच. रत्नागिरी-रायगडच्या कुटुंबांना तिथली फजरची कुनूत ओळखीची वाटेल. देशावरच्या हनफी मुलांना मात्र प्रश्न पडतील: इमाम फजरला हात उचलून दुआ का मागतात? अस्रची अजान एवढ्या लवकर कशी? सफरीतल्या नमाजबाबतही फरक आहे. एका ठिकाणी किती दिवस थांबल्यास कस्र चालू राहते, दोन नमाज एकत्र करता येतात का, यावर दोन्ही मसलकांची मतं वेगळी आहेत. निघण्याआधी आपापल्या आलिमांना विचारून घ्या आणि गटात दोन्ही पद्धती राहतील हे मान्य करून टाका. जेवणाच्या टेबलावरही तेच. खेकडा आणि माकूल शाफई कुटुंब आवडीने खाईल, हनफी कुटुंब हात लावणार नाही. मुलांसाठी हा इख्तिलाफचा जिवंत धडा आहे, आणि तो भांडणाशिवाय शिकवायची संधी आहे.

हलालसाठी ‘जाकिम’ या सरकारी खात्याचं चिन्ह पाहा. काही हॉटेलांत ‘डुकराचं मांस नाही’ एवढीच पाटी असते. ती पाटी म्हणजे हलालचं प्रमाणपत्र नव्हे. सारावाकमध्ये हे जास्त सांभाळावं लागतं. बाकी खाण्याची चैन आहे. नारळाच्या दुधात शिजवलेला भात ‘नासी लेमाक’ कोकणी माणसाला परका वाटणार नाही. भारतीय मुसलमानांच्या हॉटेलांना तिथे ‘मामाक’ म्हणतात, तमिळमधल्या ‘मामा’ या नात्यावरून. तिथला पराठा ‘रोती चनाई’ आणि उंचावरून ओतलेला फेसाळ चहा घ्याच. बाजारात मँगोस्टीन मिळालं तर मुलांना सांगा, हा आपल्या रातांब्याचा भाऊबंद, एकाच गणातला.

बहुसंख्य असणं

या सफरीतला सर्वांत महत्त्वाचा भाग कुठल्याही पत्रकात येत नाही. आपली मुलं महाराष्ट्रात अल्पसंख्य म्हणून वाढतात. वर्गात आपलं नाव वेगळं, सण वेगळा, डबा वेगळा, हे त्यांना ठाऊक असतं. मलेशियात उतरल्यावर चित्र उलटं होतं. विमानतळावरची अधिकारी हिजाबमध्ये, अजान भोंग्यावर, ईद राष्ट्रीय सुट्टी. त्यांना खूप बरं वाटेल. वाटू द्यावं. पण तिथे थांबू नये. पुढचा प्रश्न आपणच विचारावा: मग इथे जे थोडे आहेत, त्यांना कसं वाटत असेल?

या प्रश्नाचं उत्तर सरळ नाही, म्हणूनच ते मोलाचं आहे. घटनेनुसार इस्लाम हा संघराज्याचा धर्म आहे आणि इतर धर्म शांततेने पाळता येतात. चिनी नववर्ष, दिवाळी, बुद्धपौर्णिमा, नाताळ यांना सुट्टी असते. सणाला घर सर्वांसाठी उघडं ठेवण्याची ‘रुमाह तेरबुका’ ही पद्धत आहे, आपल्याकडे शीरखुर्म्याला शेजारी येतात तशीच. दुसरीकडे, १३ मे १९६९ रोजी क्वालालंपूरमध्ये मलय आणि चिनी लोकांत भीषण दंगल झाली. त्यानंतर १९७१ पासून मलय व मूळनिवासींना शिक्षण, नोकरी, व्यवसायात प्राधान्य देणारं धोरण आलं. गरीब मलय कुटुंबं त्यामुळे वर आली, हे खरं. आपल्याला दुय्यम नागरिक समजतात अशी चिनी आणि तमिळ लोकांची तक्रार आहे, हेही खरं. वाटाड्या मलय, चिनी आणि तमिळ असे तीन ठिकाणी तीन मिळाले, तर हीच गोष्ट तीन तोंडांनी ऐकायला मिळेल. एजंटकडे तसा आग्रह धरता येतो.

शिक्षिका म्हणून मला तिथल्या शाळांचं विशेष वाटतं. मलय माध्यमाच्या राष्ट्रीय शाळांबरोबर सरकारी मदतीवर चालणाऱ्या चिनी आणि तमिळ प्राथमिक शाळाही आहेत. तमिळ शाळाच पाचशेहून अधिक. वेगळ्या शाळांनी मुलं वेगळी होतात असं काही म्हणतात, मातृभाषेशिवाय मूल उभं राहत नाही असं काही म्हणतात. मुलाला उर्दू माध्यमात घालावं की मराठी, हा वाद ज्या घरात झाला आहे, त्या घराला ही चर्चा शब्दान्‌शब्द ओळखीची वाटेल. आपल्या मुलाने तिथल्या अल्पसंख्यांचं दुःख समजून घेतलं, तर इथे न्याय मागताना त्याच्या शब्दाला वजन येईल. न्याय हा आपल्या बाजूने असताना गोड आणि दुसऱ्याच्या बाजूने असताना कडू, असं आपल्या दीनने शिकवलेलं नाही.

पैसा आणि कागदपत्रं

हज फर्ज झालेला असेल तर आधी हज. सहलीसाठी व्याजाचं कर्ज किंवा हप्ते नकोत. दोन वर्षं भिशी लावून पैसे जमवता येतात. एजंटच्या किमतीत काय नाही ते विचारा: टीसीएस, वाटाड्याचं शुल्क, उद्यानाचं प्रवेशशुल्क, देशांतर्गत विमान, आणि परदेशी पाहुण्यांना प्रत्येक खोलीमागे प्रत्येक रात्री लागणारा १० रिंगिटचा पर्यटन कर. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण ही सवलत मुदतीची आहे, तिकीट काढण्याआधी खात्री करा. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरावं लागतं. प्लग तीन चौकोनी पिनांचा, तो अडॅप्टर इथूनच घ्या. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा, कारण अमली पदार्थांचे कायदे तिथे अतिशय कडक आहेत.

मुलांची वही

प्रत्येक मुलाला एक वही द्या आणि शब्द गोळा करायला सांगा. मलय भाषा आज रोमन लिपीत लिहितात, पण तिची जुनी लिपी ‘जावी’ अरबी अक्षरांची आहे. पाहांगसारख्या राज्यात पाट्यांवर ती दिसते. उर्दू वाचणारं मूल ती अक्षरं लावून वाचेल, अर्थ कळला नाही तरी. आणि बरेचदा अर्थही कळेल. भाषेला ‘बहासा’, शिक्षकाला ‘गुरु’, माणसाला ‘मनुसिया’, नवऱ्याला ‘सुआमी’ हे संस्कृतातून. ‘किताब’, ‘दुनिया’, ‘वक्तू’, ‘केरुसी’ हे अरबीतून. ‘अलमारी’ आणि ‘मेजा’ पोर्तुगिजांकडून. वहीचे तीन रकाने पाडून द्या. मराठी, उर्दू आणि गोव्याची थोडी ओळख असलेल्या मुलाचे तिन्ही रकाने भरतील. परत आल्यावर ती वही शाळेत वर्गशिक्षकांना दाखवायला सांगा, आणि वर्गातल्या इतर मुलांनाही वाचायला द्या.